सेहेचाळिसावी खिडकी

टायरच्या जुन्या दुकानाला खिडकी पाडलीय,
तिथून एक बाई मान बाहेर काढते आणि नंबर ओरडते.
बसायला काही नाही. एक उलटी बादली आहे,
तिच्यावर दुकानाचं मांजर.

ट्रूस्ट अव्हेन्यूच्या कडेला गाडी लावलेली,
डेल्मरची, डिकी दोरीनं बांधलेली.
शुक्रवार. मार्चमधला वारा, कॅन्सस सिटीत असतो तसा,
टोपी नेणारा आणि परत न आणणारा.

डेल्मरकडे वही आहे. पंचेचाळीस दुकानं झाली.
धुराला दहापैकी, सॉसला दहापैकी,
पावाला शून्य, कारण पाव सगळीकडे तोच,
पांढरा, कापसासारखा, मांसाखाली मुकाट झोपणारा.
बत्तीस वर्षं त्यानं पियानो सुरात लावले
लोकांच्या दिवाणखान्यांत लाकडाला कान टेकून,
त्यामुळे त्याला वाटतं, प्रत्येक गोष्टीला एक बरोबर सूर असतो
आणि बहुतेक आचारी तो किंचित खाली लावतात.
मी कुलपं दुरुस्त करायचो. मला एवढंच कळतं:
उघडलं की नाही.

"एकशे बारा!"

डबा गरम. झाकणाला आतून घाम.
बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं, चार कोपऱ्यांवर
पाना, चष्म्याची डबी, काकडीच्या लोणच्याची वाटी, माझी मूठ.
बरगड्या चार, सॉसेज एक, आणि जळके तुकडे,
छातीच्या मांसाच्या टोकाची ती खरवड
जी माझा बाप काउंटरवरून फुकट उचलायचा
कत्तलखान्यातली शिफ्ट संपली की, दोन बोटांत,
आणि आज अठरा डॉलर, वर टॅक्स.

"फुकट होतं तेव्हा जास्त चांगलं होतं," मी म्हणालो.
"तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, रॉस्को."

त्यानं एक तुकडा तोंडात टाकला.
चावला. आणखी चावला.
रस्त्यापलीकडे कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती.
मग वही माझ्याकडे सरकवली, वर पेन्सिल ठेवून.
"तू लिही."

पंचेचाळीस दुकानांत मी त्या वहीला हात लावलेला नाही.

"जानेवारीपासून," तो म्हणाला, "त्या तापानंतर.
गरम कळतं. मऊ कळतं. दातात अडकलेलं कळतं.
बाकी पुठ्ठा."

म्हणजे चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस,
ते नऊ, ते साडेसहा,
ते "व्हिनेगर जरा पुढे पुढे करतंय",
सगळं माझ्या तोंडाकडे बघून लिहिलेलं.
आणि मी तेव्हा मान डोलावली होती,
म्हटलं होतं, काय जीभ आहे बाबा तुझी.

सांगायला लागलो. मला हे जमत नाही.
म्हटलं, धूर आधी येतो,
पाहुण्यासारखा नाही, घरच्यासारखा, बूट न काढता.
मग गोड. काकवीचं, पण तळाला लागलेलं.
मग कडवट येतं, पण भांडत नाही,
बाजूला उभं राहतं, भिंतीला टेकून,
जसा तुझा भाऊ राहायचा लग्नांत.
"आणि मिरी?"
मिरी शेवटी. किल्ली फिरवताना बघ,
सगळ्या खुंट्या बसतात, एकच आडमुठी उरते,
जरा दाबावं लागतं, आणि मग
"टक्," डेल्मर म्हणाला.
टक्.

त्यानं डोळे मिटून दुसरा तुकडा घेतला.
फार हळू चावत होता, मान तिरकी करून,
जसा तारेवर हातोडी मारून थांबायचा.
"किंचित खाली आहे," म्हणाला.
मी पुन्हा चाखलं.
होतं. मीठ, बहुधा.

वाऱ्यानं वर्तमानपत्राचा माझ्याकडचा कोपरा उचलला,
कारण मूठ आता पेन्सिलीवर होती.
सॉसची वाटी गेली, मांजर आलं.
धुराला आठ लिहिले. सॉसला सात, मग खोडून साडेसहा.
पाव ओला झाला होता, खाली जे जे गळलं ते सगळं पिऊन
तपकिरी, जड, दोन हातांनी उचलावा असा.
पावाला मी एक दिला.
डेल्मरनं वाचलं,
आणि खोडला नाही.